अर्जातला जोहार

(कुरुंदा, ता. वसमत येथे बुद्धविहारात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



फलकावर माझ्या नावापुढं 'इंग्रजी मार्गदर्शक' लिहिलंय. ते पुसा आधी. मी ह्याच गावचा. माझी माय हळदीच्या रानात रोजानं जायची. घरात इंग्रजी कुणाला येत नव्हती, आणि खरं सांगायचं तर पुस्तकातली मराठीबी येत नव्हती. मी 'पानी' म्हणलं की वर्ग हसायचा. 'पाणी' म्हणायला मला दोन वर्षं लागली. म्हणजे एक परकी भाषा आपण सगळ्यांनीच आधी शिकलीय, ती पण हसू झेलत. ज्याला ते जमलं त्याला इंग्रजी झेपणार नाही, असं कुणी सांगत असेल तर त्याचा डाव वेगळा आहे.

आता माझी चूक सांगतो. नांदेडला शिकायला गेलो तेव्हा खिशात चिमुकली डिक्शनरी ठेवायचो. रोज दहा शब्द पाठ. तीन महिन्यांत नऊशे शब्द झाले आणि तोंडातून एक धड वाक्य निघेना. 'हेड' येत होतं, 'पेन' येत होतं, तर मी म्हणालो, 'माय हेड इज पेनिंग'. इंग्रजीत सरळ 'आय हॅव अ हेडेक' म्हणतात. आपण मराठीत परीक्षा देतो. साहेबाच्या भाषेत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, 'मला मान्य नाही', ते आपली पोरं म्हणतात 'आय अ‍ॅम नॉट अ‍ॅग्री'. शब्द सगळे खरे, वाक्य खोटं. 'आय डोन्ट अ‍ॅग्री' म्हणा. का, ते व्याकरण नंतर बघू. मराठी बोलायला तुम्ही व्याकरण वाचून शिकला होता का? मायच्या तोंडची अख्खी वाक्यं उचलली होती. इथंही अख्खं वाक्य उचलायचं.

पण उचलायचं कुठून? इथं खरी मेख आहे.

माझी शिष्यवृत्ती एका कचेरीत अडली. गाइडातून अर्जाचा नमुना उतरवला. सुरुवात 'आय बेग टु स्टेट', शेवट 'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'. झोकात सही केली. होस्टेलातल्या एका थोरल्या पोरानं तो वाचला नि म्हणाला, "लेका, आज्यानं पाटलाच्या दारात जोहार घातला, तू इंग्रजीत घालायलास." मी डिक्शनरीत 'बेग' बघितला. भीक मागणे. नऊशे शब्द पाठ करणाऱ्या माणसाला आपण काय लिहिलं ते ठाऊक नव्हतं! तो कागद फाडला. दोघांनी मिळून दुसरा लिहिला, 'आय अ‍ॅम एन्टायटल्ड टु धिस स्कॉलरशिप. प्लीज गिव्ह मी द रीझन इन रायटिंग.' मी हक्कदार आहे, कारण लेखी द्या. पैसे झटकन आले असं समजू नका, पुढं चार महिने गेले. पण त्या कागदावर पहिल्यांदा आवक नंबर पडला.

हा प्रवास एकट्या माझा नाही. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकारानं दख्खनच्या महारांनी थेट भारतमंत्र्याला इंग्रजीत अर्ज केला. मागणं काय? लष्करात शिपाई, पोलिसात शिपाई, सरकारी चाकरीतली खालची पायरी, तेवढी तरी द्या. त्यांना नावं ठेवायला मी उभा नाही. त्या काळात लंडनला अर्ज धाडणं ही छातीची गोष्ट होती. पण वीसच वर्षांनी, २० नोव्हेंबर १९३० ला, त्याच लंडनमध्ये गोलमेज परिषदेत बाबासाहेब उभे राहिले. मी ब्रिटिश हिंदुस्थानच्या एकपंचमांश माणसांच्या वतीनं बोलतोय, ती संख्या इंग्लंड किंवा फ्रान्सच्या लोकसंख्येएवढी आहे, आणि तुमच्या राज्यात आमचं काय बदललं, असा तो रोखठोक हिशोब होता. भाषा तीच, फक्त कंबर वाकलेली नव्हती. आणि हेही ध्यानात ठेवा, याच माणसानं १९२० ला 'मूकनायक' मराठीत काढला. ज्याला ऐकवायचं त्याच्या भाषेत बोलायचं, एवढं साधं धोरण.

कुणी विचारील, सरकारी कारभार मराठीत चालतो, मग इंग्रजी कशापायी? वर चला की. संविधानाच्या ३४८ व्या कलमामुळं हायकोर्टाची भाषा इंग्रजी आहे. २००६ ला खैरलांजी झाली. खालच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली, अ‍ॅट्रॉसिटी मात्र लावली नाही. १४ जुलै २०१० ला नागपूर खंडपीठानं फाशीची २५ वर्षं कैद केली, अ‍ॅट्रॉसिटी तेव्हाही लागली नाही. आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. तो निकाल मुळातून वाचलेले आपल्यात किती? मी धरून सांगतो, बोटावर मोजण्याइतके. वकील सांगेल ते ऐकायचं आणि मान हलवायची. त्या वकिलाला 'ऑन व्हॉट ग्राउंड्स?' एवढं तरी विचारता आलं पाहिजे. कुठल्या आधारावर?

आणखी एक. मराठीत आपल्या म्हाताऱ्याला काल जन्मलेलं पोरगं 'अरे-तुरे' करतं. इंग्रजीत कलेक्टरलाही 'यू' आणि झाडूवाल्यालाही 'यू'. मात्र आपण 'सर, सर' करून तिथंही उतरंड रचतो, ही आपली जुनी खोड. मोबाइलवर तुम्ही ते व्हिडिओ बघता, हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची. शिका, पनीर मागायलाही माझी हरकत नाही. पण 'सॉरी' आणि 'काइंडली' यांच्या आधी 'नो' शिका.

तर आता असं करू. वंदना झाली की रोज अर्धा तास थांबायचं. दोघा-दोघांनी समोरासमोर बसायचं, एक कारकून, एक अर्जदार. दुसऱ्या दिवशी उलटं. मोठ्यांदा बोलायचं, पुटपुटायचं नाही. आठवड्याला दहा वाक्यं, जास्त नकोत. चुकणाऱ्याला कुणी हसलं तर हसणाऱ्यानं विहार झाडायचा. मी हसलो तरी तोच नियम.

चला, पहिलं वाक्य. 'गिव्ह मी द रीझन इन रायटिंग.' सगळ्यांनी. मागं पोरी बसल्यात, त्यांचा आवाज नाही आला. पुन्हा.