मलप्रभेच्या काठाने, सायकलवर

बेलूरहून आम्ही पहाटेच निघतो. एकदा ट्रक सुरू झाले की हमरस्त्यावर सायकलीला जागा उरत नाही. कित्तूरला नाश्ता, एम. के. हुबळीला मलप्रभेचं पहिलं दर्शन. हमरस्ता सोडला की टपरीवरचं कन्नड हळूहळू मराठी होतं. खानापूर आल्याचं पाटीआधी कानांना कळतं. तिथं मुक्काम. जांबोटीनंतर जंगल आणि चढ. निम्मे जण सायकल हातात धरून चालतात, त्यात लाज कसली!

कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी नदीचा उगम आहे. जवळच कळसा कालव्याचं काम दिसतं, आणि गप्पा थांबतात. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायला २०१८ साली लवादानं कर्नाटकाला ३.९ टीएमसी दिलं. गोवा सुप्रीम कोर्टात गेला. धारवाडच्या नळाला मलप्रभेचंच पाणी येतं. आमच्यातल्या काहींची माहेरं मात्र गोव्यात. उगमाशी डबे सोडले की दोन्ही बाजूंनी वाद होतो, तोही मराठीतच.

दिवाळीनंतर पुन्हा निघतोय. गिअरची सायकल हवीच असं नाही. पंक्चरचं सामान मात्र आणा.