काम गेल्यावरचा हक्क
(नाशिक येथील कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात राज्यावर एक जबाबदारी टाकलेली आहे. आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राहून राज्याने कामाचा व शिक्षणाचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजार, अपंगत्व या प्रसंगी सरकारी साहाय्याचा हक्क नागरिकांना मिळवून द्यावा, असा त्या अनुच्छेदाचा आशय आहे. या चार प्रसंगांत बेकारीचे नाव सर्वांत आधी येते. प्रत्यक्षात मात्र तिची पाळी सर्वांत शेवटी आली. आजार, बाळंतपण आणि कामावरील अपघात यांसाठी १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. त्याची पायाभरणी प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालाने केली होती. बेकारीचा विमा त्यात नव्हता. इंग्लंडने तो १९११ साली आणि जर्मनीने १९२७ साली सुरू केला होता. भारतातील विमा महामंडळाने बेकारीसाठी पहिला भत्ता देऊ केला तो १ एप्रिल २००५ रोजी. संविधान अमलात आल्यावर पंचावन्न वर्षांनी!

मधल्या काळात कामगाराच्या पदरी काही पडलेच नाही, असे म्हणता येणार नाही. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली आणि ले-ऑफ व कामगार-कपात यांसाठी भरपाई देणे मालकावर बंधनकारक झाले. ज्याची अखंड सेवा वर्षभर झाली आहे त्याला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावयाचा. १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी आली. या तरतुदी संघर्षातून मिळाल्या आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांतील एक मूलभूत उणीव नीट पाहिली पाहिजे. या सर्व रकमा मालकाच्या तिजोरीतून यावयाच्या आहेत. धंदा बुडाला म्हणून कामगार रस्त्यावर येतो, तेव्हा नेमकी तीच तिजोरी रिकामी असते, किंवा रिकामी असल्याचे दाखविले जाते. अंबडमधील एखाद्या छोट्या शेडला रात्रीतून कुलूप लागले आणि यंत्रे दुसरीकडे हलली, की पंधरा दिवसांचा हिशेब मागावयाचा कोणाकडे? विम्याचे तत्त्व याच्या नेमके उलट आहे. जोखीम सर्वांनी मिळून उचलावयाची आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला सार्वजनिक निधीतून द्यावयाचे. एका मालकाच्या ऐपतीवर किंवा नियतीवर कामगाराची चूल अवलंबून ठेवावयाची नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वाट्याला या तत्त्वाचा एक तुकडा आला होता. १९८२ चा संप आणि १९८५ चे वस्त्रोद्योग धोरण यांनंतर केंद्र सरकारने १९८६ साली वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना काढली. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के असा उतरता भत्ता तीत होता. कल्पना चांगली होती. पण मूळ योजना कायमच्या बंद पडलेल्या गिरण्यांपुरती होती. गिरणी कागदोपत्री बंद नाही आणि कामगाराला तर आत घेत नाहीत, अशा परिस्थितीतील माणसाला ती लागू होत नव्हती. फाटक उघडे आहे की बंद, एवढ्यावर पोटाचा प्रश्न ठरविण्याची ही रीत पुढच्या योजनांतही उतरली आहे.

आता नाशिकचा विचार करू. सातपूर आणि अंबडच्या वसाहतींनी या शहराला कामगार वर्ग दिला. खानदेशातून आणि जिल्ह्याच्या कोरडवाहू तालुक्यांतून आलेली कुटुंबे सिडको, अशोकनगर, श्रमिकनगर येथे स्थिरावली. मायको, महिंद्र यांच्यासारख्या मोठ्या कारखान्यांत कायम झालेला कामगार ही या वसाहतींची एक पिढी होती. दुसरी पिढी ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे. सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने पुन्हा त्याच यंत्रावर काम. २०१३ मध्ये ‘नीम’ योजना आल्यावर तर अनेक तरुण कामगार न राहता ‘प्रशिक्षणार्थी’ झाले. त्यांना मिळे ते विद्यावेतन, आणि त्यावर ना पी.एफ., ना ई.एस.आय. वाहनांच्या सुट्या भागांवर जगणाऱ्या या शहरात २०१९ ची मंदी आणि २०२० ची टाळेबंदी आली, तेव्हा सर्वांत आधी काम गेले ते या दुसऱ्या पिढीचे.

अशा कामगाराला आज नेमके काय मिळू शकते? दोन योजना आहेत. दोहोंत गल्लत होते, म्हणून त्या वेगळ्या सांगणे बरे. पहिली २००५ ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. कारखाना बंद झाला, कायदेशीर कपात झाली, किंवा कामाबाहेरच्या इजेमुळे किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आले, तर तिचा भत्ता मिळतो. तो आरंभी सहा महिन्यांचा होता. आता तो चोवीस महिन्यांपर्यंत आहे, पहिल्या वर्षी पगाराच्या निम्मा आणि दुसऱ्या वर्षी पाव. त्या काळात विम्याचे औषधपाणीही चालू राहते. दुसरी १ जुलै २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती अधिक व्यापक आहे, पण हाताने कंजूष आहे. आयुष्यात एकूण ९० दिवस, बस्स. आरंभी ती सरासरी पगाराच्या २५ टक्केच देत असे आणि तेही बेकारीचे ९० दिवस उलटल्यावर. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, हे प्रमाण ५० टक्के झाले, वाट पाहण्याचा काळ ३० दिवसांवर आला आणि मालकाची सही आणण्याची अट सुटली. कामगाराने दावा थेट शाखा कार्यालयाकडे करावयाचा आणि पैसे त्याच्या बँक खात्यात यावयाचे. मालकाच्या सहीतून झालेली ही सुटका हा त्या दुरुस्तीतील सर्वांत मोलाचा भाग आहे. ज्याने कामावरून काढले त्याच्याच दारात ‘काढले असे लिहून द्या’ म्हणून उभे राहावयाचे, ही अट कोणाच्या डोक्यातून निघाली असेल ते असो.

या भत्त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. महिना १५,००० रुपये पगाराचा कामगार घ्या. चार अंशदान कालावधींतील, म्हणजे दोन वर्षांतील, त्याचा पगार ३,६०,००० रुपये होतो. त्याला ७३० ने भागले की दिवसाला सुमारे ४९३ रुपये येतात. त्याच्या निम्म्या दराने ९० दिवसांचे सुमारे २२,२०० रुपये मिळतात. जुलै २०१९ पासूनच्या दराने मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचे पाऊण टक्का मिळून त्याच्या नावे महिन्याला ६०० रुपये निधीत जातात. दहा वर्षांत ते ७२,००० होतात. त्यातला मोठा भाग औषधोपचारासाठी असतो आणि तसाच असावयास हवा. तरीही आयुष्यातून एकदाच २२ हजार देणारी योजना माणसाला आळशी बनवील, ही भीती ज्यांना वाटते त्यांनी सिडकोतील घरभाडे आणि किराण्याचे बिल एकदा पाहावे.

शिवाय दारावरच्या अटी आहेतच. दोन वर्षांची विमापात्र नोकरी हवी. काम सुटण्याच्या लगतच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवस भरलेले हवेत आणि त्याआधीच्या तीनपैकी एका कालावधीत तितकेच. अठरा महिने राबून घरी बसलेल्या मुलाला काहीच नाही. पगार २१,००० च्या वर गेलेला कामगार विम्याच्या व्याप्तीतच येत नाही. ही मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये ठरली आणि त्यानंतर महागाई कोठल्या कोठे गेली.

मात्र कामगाराचा हक्क सर्वाधिक बुडतो तो या अटींपेक्षा एका कागदाने. तो कागद म्हणजे राजीनामा. ‘हिशेब हवा असेल तर येथे सही कर,’ असे सांगून व्यक्तिगत कारणास्तव नोकरी सोडत असल्याचा छापील मजकूर पुढे केला जातो. घरी पैशाची निकड असते, कामगार सही करतो, आणि एका सहीसरशी कपातीची भरपाई जाते, २००५ च्या योजनेचा चोवीस महिन्यांचा भत्ता जातो आणि पुढे न्यायालयात दाद मागण्याची वाटही अरुंद होते. कार्यकर्त्यांनी फाटकापाशी पहिल्या दिवशी करावयाचे काम हेच आहे. राजीनाम्यावर सही नको. पैसे घ्यावेत, पण पावतीवर ‘हक्क राखून स्वीकारले’ असे स्वतःच्या हाताने लिहावे आणि त्या कागदाची प्रत घरी न्यावी.

येथे चळवळीतील एका जुन्या समजुतीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. कामावर परत घेण्याची लढाई चालू असताना भत्ता किंवा ग्रॅच्युइटी मागणे म्हणजे हार मानणे, असे अनेक युनियन पुढाऱ्यांना वाटते. त्यामुळे दावा करावयाचा राहून जातो. वस्तुतः विम्याचा भत्ता ही मालकाशी केलेली तडजोड नव्हे. तो कामगाराने अंशदान भरून मिळविलेला हक्क आहे. ज्याच्या घरात तीन महिने काही येत नाही, तो कामगार मिळेल त्या रकमेवर समेट करतो. आणि तो नाक्यावर जाऊन कमी मजुरीत उभा राहतो, तेव्हा आत काम करणाऱ्यांच्या मजुरीवरही दाब येतो. बेकाराच्या हातातील भत्ता हा नोकरीत असलेल्याच्या वेतनाचा टेकू असतो. अर्थशास्त्रातील ही साधी गोष्ट युनियनच्या वार्षिक सभांत क्वचितच बोलली जाते.

कायद्यातील एक विसंगती सांगण्यासारखी आहे. चौकशीसाठी निलंबित केलेल्या कामगाराला पहिले ९० दिवस निम्मा पगार आणि विलंब त्याच्यामुळे झाला नसेल तर त्यापुढे ७५ टक्के निर्वाह भत्ता देणे मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे त्याला कायदा जगवितो. ज्याच्यावर काहीच आरोप नाही, केवळ मालाला उठाव नाही म्हणून जो घरी बसला, त्याला नव्वद दिवसांनंतर कोणी विचारीत नाही.

मग तो पी.एफ. काढतो. म्हातारपणाची शिदोरी तरुणपणी मोडावी लागते. आजवरच्या नियमांनुसार बेकारीचा एक महिना झाला की ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेली रक्कम मिळे. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या न्यासी मंडळाने ठरविले की ७५ टक्के लगेच मिळावेत, पण पूर्ण रक्कम बारा महिन्यांनीच. वार्धक्यासाठीची बचत टिकावी, हा विचार तत्त्वतः खोटा नाही. पण बचतीला हात लावू नको म्हणावयाचे आणि भत्ताही द्यावयाचा नाही, हे एकत्र चालणार नाही. ठेकेदार बदलताना नोकरी सोडल्याची तारीख निधीच्या नोंदीत न घालण्याची खोड येथे आडवी येते. शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी कामगाराला ती तारीख स्वतः ऑनलाइन भरता येते. २०२० पासूनची ही सोय पुष्कळांना ठाऊक नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा इतिहासजमा झाला. वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कपात केलेल्या कामगाराच्या खात्यात पुनःप्रशिक्षण निधीतून पंधरा दिवसांचा पगार ४५ दिवसांत जमा व्हावा, अशी नवी तरतूद आहे, आणि तिचा आग्रह धरलाच पाहिजे. मुदतीच्या नोकरीला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, हेही स्वागतार्ह आहे. उलट बाजूला, मुदत संपून गेलेली नोकरी ही कपातच नव्हे, असे संहिता म्हणते, आणि कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन आता ३०० कामगारांपासून पुढे आहे. १९७६ मध्ये हा आकडा ३०० च होता. १९८४ पासून तो १०० वर आला होता. सातपूर-अंबडच्या शेडांपैकी बहुतेकांना १०० चा आकडाही लागू नव्हता, मग ३०० चा तर प्रश्नच नाही.

विम्याच्या बाहेर जो उरतो, नाक्यावरचा बिगारी, सिन्नरची घरी विड्या वळणारी बाई, त्यांचे काय? महाराष्ट्राने याचे एक उत्तर देशाच्या आधी शोधले होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली आणि १९७२ च्या दुष्काळात जनआंदोलनांनी पुढे रेटलेली रोजगार हमी १९७७ साली कायद्यात आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम दिले नाही तर दिवसाला किमान एक रुपया बेकारभत्ता द्यावा, असे त्यात होते. रुपया तुटपुंजा होता आणि तोही फार थोड्यांच्या हाती पडला, परंतु काम देता येत नसेल तर सरकार त्या माणसाचे देणे लागते, हे एका विधिमंडळाने कबूल केले होते. २००५ च्या केंद्रीय कायद्याने हा भत्ता पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या पाव आणि पुढे निम्मा असा केला. दोन्ही कायदे ग्रामीण भागापुरते होते.

या हमीचा पैसा उभा करण्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. अंबडच्या कारखान्यातील कामगाराच्या पगारपावतीवर महिन्याला २०० रुपयांची जी कपात दिसते, ती हीच. खेड्यातील मजुरासाठी शहरातील पगारदाराने भार उचलावा, हे तत्त्व न्याय्यच आहे आणि त्याविरुद्ध कोणी तक्रार करू नये. पण तोच पगारदार सिडकोत बेकार होऊन बसतो तेव्हा त्याला ना हमीचे काम मिळते, ना भत्ता. नागरी रोजगार हमीची आणि नव्वद दिवसांऐवजी निदान वर्षभराच्या विमाभत्त्याची मागणी नाशिकमधून करावयाची असेल, तर आरंभ पगारपावतीवरील या ओळीपासून करता येईल. तोवर ज्यांचे काम गेल्या तीस दिवसांत सुटले आहे त्यांची वस्तीवार यादी करणे, प्रत्येकाचा विमा क्रमांक व पी.एफ. क्रमांक लिहून घेणे, आणि आधार व बँकेचे पासबुक घेऊन त्यांच्यासोबत शाखा कार्यालयात जाणे, एवढे काम हातात आहे.