उद्याचा भरवसा



 शिक्षक आणि समुपदेशकांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदावरून मी आज एकाच विषयावर बोलणार आहे. आठवी-नववीतल्या एखाद्या मुलाबद्दल आपण शिक्षकखोलीत सहज म्हणतो, ‘त्याचा स्वभावच तसा.’ चिडका, उतावळा, कशातच न टिकणारा. माझं म्हणणं असं, की यातला बराचसा भाग त्या मुलानं लहानपणी मांडलेला हिशेब असतो. उद्याचा भरवसा नसलेल्या घरात तो हिशेब बरोबरही ठरलेला असतो.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांवर एक प्रयोग केला. मुलांसमोर जुने, वापरलेले रंगखडू ठेवले आणि सांगितलं, थोडा वेळ थांबलात तर याहून छान सामान आणून देऊ. निम्म्या मुलांना ते मिळालं. उरलेल्या मुलांकडे संशोधक रिकाम्या हातानं परतले आणि दिलगिरी व्यक्त केली. स्टिकरच्या बाबतीतही तेच झालं. मग प्रत्येकासमोर एक गोड मार्शमेलो ठेवला. पंधरा मिनिटं थांबलं तर दुसरा मिळणार होता. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला, ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांचा मोडला, ती तीन मिनिटं. या दुसऱ्या गटातल्या १४ जणांपैकी एकच मूल शेवटपर्यंत थांबलं. काही मिनिटांत दोनदा शब्द मोडला तर ही गत. वर्षानुवर्षं मोडत राहिला तर काय होत असेल, याचा विचार करा.

अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात गरीब मातांच्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला. जेफ्री सिम्प्सन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं, की पहिल्या पाच वर्षांत घर, पालकांचं काम आणि घरातली मोठी माणसं सतत बदलत राहिली असतील, तर तेविसाव्या वर्षी जोखमीचं वर्तन अधिक आढळतं. गरिबीपेक्षाही या अस्थिरतेचा माग अधिक ठळक होता.

मग स्वभावाला काहीच महत्त्व नाही का? आहे, आणि मोठं आहे. स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा अभ्यास केला. काही बाळं सहज रुळतात, काही हळूहळू मोकळी होतात, काहींना प्रत्येक बदल जाचतो, हे त्यांनी नोंदवलं. त्यांचा खरा निष्कर्ष मात्र पुढचा आहे: मूल कसं घडेल, ते त्याचा स्वभाव आणि भोवतालच्या अपेक्षा यांच्या मेळावर ठरतं. म्हणूनच एकाच घरात वाढलेला थोरला निभावून नेतो आणि धाकटी कोलमडते. ‘तुझा भाऊ बघ कसा आहे’ हे वाक्य त्या मुलीवर अन्यायच करतं.

आता आपल्या घरचं पाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे जावंच लागतं. रात्री दोनला गाडी भरायला आली तर आई-बाप रात्री दोनला उठतात. कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, तान्ह्याला सांभाळायला आठ-दहा वर्षांची पोर उरते. फड संपला की मुक्काम हलतो. साखर कारखान्याचा पट्टा कधी पडेल, म्हणजे गाळप कधी थांबेल, ते शिल्लक उसावर ठरतं. त्यामुळे ‘आई कधी येणार?’ या प्रश्नाला गावी राहिलेल्या आजीकडेही उत्तर नसतं.

हीच मुलं पुढे आपल्या वर्गात किशोरवयीन होऊन बसतात. उद्याचा भरवसा नसल्यानं येणारी घाई त्यांच्या आई-बापांनाही लागलेली असते. वयात आलेली पोर कोपीत कशी ठेवायची, या भीतीनं लग्नं उरकली जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं.

या मुलांकडे फक्त उणीव म्हणून पाहू नका. चिराग मित्तल आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या संशोधनात, अस्थिर बालपण गेलेली माणसं अनिश्चित परिस्थितीत एका कामावरून दुसऱ्यावर लक्ष वळवण्यात सरस ठरली, मोह आवरण्यात मात्र मागे पडली. जगण्यानं शिकवलेलं हे कौशल्य आहे. आपल्या परीक्षेत त्याला गुण नाहीत, एवढंच.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. शिक्षकांनो, मुलाला जे सांगाल ते ठरल्या दिवशी करा. जमणार नसेल तर आधी सांगा. समुपदेशकांनो, ‘स्वभाव’ असं लिहिण्यापूर्वी त्या मुलाची घरं, शाळा आणि सांभाळणारी माणसं किती वेळा बदलली, ते विचारा. आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह टोळ्या गेल्यावर उघडलं, तर तोवर मूल कोपीत पोचलेलं असतं. म्हणून टोळ्या निघण्याआधीची तारीख जाहीर व्हावी आणि ती पाळली जावी, असा ठराव या परिषदेनं आज संमत करावा, असा माझा आग्रह आहे. मुलांना धीर धरायला शिकवण्याचा अधिकार आपल्याला शब्द पाळूनच मिळवावा लागेल.