परवलीचा शब्द आणि मांडवीवरचा नाकेदार



रत्नागिरीची मांडवी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. मांडवी या शब्दाचा जुना अर्थ जकातीचें ठाणें. अशा ठाण्यावर गलबतांतून उतरलेला माल आधीं तपासला जाई, व मगच तो गांवांत शिरे. संगणकाच्या दारावरही आज असाच एक नाकेदार बसलेला असतो. आपण परवलीचा शब्द लिहितों, आणि तो म्हणतो, ‘आठ अक्षरें हवींत, एक मोठें इंग्रजी अक्षर हवें, एक आंकडा हवा, एक चिन्ह हवें.’ हा नाकेदार तपासतो कसा, आणि त्या तपासणीवर भरंवसा किती ठेवावा, याचा आज विचार करूं.

त्याच्या हातीं जी आज्ञा असते तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. अमेरिकन गणिती स्टीफन क्लेनी यांच्या १९५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत तिचें मूळ आहे. केन टॉम्पसन यांनीं १९६८ सालीं ती मजकूर शोधण्याच्या कामीं कशी लावावी हें दाखविलें. ही आज्ञा म्हणजे अक्षरांच्या रचनेचें वर्णन होय. चौकोनी कंसांत ‘शून्य ते नऊ’ लिहिलें, कीं ‘यांपैकीं कोणताही एक आंकडा’; टिंब म्हणजे ‘कोणतेंही एक चिन्ह’; महिरपी कंसांत आठ व स्वल्पविराम, म्हणजे ‘आठ किंवा अधिक वेळां’. आरंभाची व शेवटाची खूण विसरली, तर गोणीच्या मध्येंच कोठें तरी योग्य माल पाहून नाकेदार सारी गोण सोडून देतो. मोठें अक्षर आधीं येईल कीं आंकडा, हें ठरलेलें नसतें. म्हणून जागचें न हलतां पुढें डोकावून पाहण्याची युक्ति योजतात. प्रत्येक अटीसाठीं एकदां डोकवावें, आणि मग लांबी मोजावी.

इंग्रजी अक्षरांपुरतें हें ठीक. पण कोणी ‘मांडवी’ असेंच लिहिलें तर? आपण म्हणूं, अक्षरें तीन. संगणक म्हणेल, सहा: म, काना, अनुस्वार, ड, व आणि वेलांटी. पायथन भाषेच्या मूळ साधनांत शब्दांतील अक्षरासाठीं जी खूण आहे, तींत काना, वेलांटी व अनुस्वार बसत नाहींत. म्हणून ‘मांडवी’ हा अखंड शब्दच नव्हे, असा निकाल मिळतो. उलट, त्याच भाषेंतील आंकड्याची खूण देवनागरी ७ ओळखते. जावास्क्रिप्टमध्यें मात्र ती ओळखीत नाहीं.

याहून गंभीर गोष्ट ‘किनाऱ्यावर’ या शब्दांतील ऱ ची. तो कोठें एकाच संकेतानें लिहिला जातो, तर कोठें र व खालचें टिंब अशा दोन संकेतांनीं. डोळ्यांस दोन्ही सारखेच. परंतु परवलीचा शब्द जपून ठेवतांना त्याचें जें गणिती रूपांतर करतात, तें मात्र भिन्न निघतें. आणि नवा दूरध्वनी घेतलेल्या एखाद्या वृद्ध बाईस तिच्याच पेन्शनचें खातें परकें होतें. त्यास उपाय आहे: रूपांतरापूर्वीं दोन्ही रूपें एक करून घ्यावींत. यास युनिकोडचें सामान्यीकरण म्हणतात.

आतां शेवटचा प्रश्न. रोमन लिपींत मांडवी, त्यांतलें पहिलें अक्षर मोठें, पुढें ‘अ‍ॅट’चें चिन्ह आणि १२३. चारही अटी पुऱ्या झाल्या. पण मांडवीच्या माणसाविषयीं तर्क करणारा चोर हेंच प्रथम लिहून पाहील. उलट, परस्परांशीं संबंध नसलेले पांच शब्द ओळीनें लिहिले, तर ते ओळखणें कितीतरी कठीण. तरी आंकडा नाहीं म्हणून नाकेदार ते परत पाठवितो. अमेरिकेच्या मानक-संस्थेसाठीं २००३ सालीं असे नियम लिहिणारे बिल बर यांनीं २०१७ सालीं त्याबद्दल खेद प्रकट केला. त्याच वर्षीं संस्थेनेंही सल्ला बदलला: अशा मिश्रणाच्या अटी लादूं नयेत, लांब शब्द स्वीकारावेत, आणि पूर्वीं उघड झालेल्या परवलींच्या यादीशीं नवा शब्द ताडून पाहावा.

ही यादी पाहण्याचें काम आमच्या नाकेदाराचें नव्हे. त्यास आकार कळतो, गुपित कळत नाहीं. तेव्हां नियम लिहिणारांनीं त्याच्याकडून लांबी तेवढी मोजून घ्यावी आणि आमच्या लिपीस दार उघडें ठेवावें. आपण श्रोत्यांनीं त्याच्या होकारावर विसंबूं नये. परवलीचा शब्द लांब निवडावा, आणि प्रत्येक दारासाठीं निराळा.