हाताला बांधलेली पट्टी

आज परिचर्येची पदवी घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

तुमच्यातले फार थोडे जण मनोरुग्णालयात नोकरी करतील. आपल्या भागाचं प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला आहे, १८६४ सालचं. पुसदहून एसटीने निघालं तर अर्धा दिवस त्यातच जातो. त्यामुळे मानसिक आरोग्याचा पेपर पास होण्यापुरता होता, असं कुणाच्या मनात असेल तर मला त्याचीच काळजी वाटते. हा विषय रात्री दोन वाजता जीपमधून तुमच्या कॅज्युअल्टीत येणार आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ‘त्यानं औषध पिलं’ एवढं म्हटलं की कुठलं औषध ते विचारावं लागत नाही.

माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष होतं. नाईट ड्युटीला वॉर्डात मी एकटी. असाच एक शेतकरी आला, माझ्या वडिलांच्या वयाचा. पोट धुऊन झालं, ॲट्रोपिन सुरू झालं आणि मध्यरात्रीनंतर तो बरळू लागला, सलाइन उपटू लागला, कॉटवरून उतरू लागला. मी गॉजच्या पट्टीने त्याचे दोन्ही हात कॉटला बांधले. त्या क्षणी धोका खरा होता, त्याबद्दल मी आजही स्वतःला दोष देत नाही. पण दोनेक तासांनी तो निवला. त्याने पाणी मागितलं, मी पाजलं, आणि पट्ट्या तशाच ठेवल्या. पुन्हा उठला तर काय, बाकीचे पेशंट कोण बघणार, असं मनाला सांगत पहाटेपर्यंत ठेवल्या. रिपोर्टबुकात लिहिलं, ‘रुग्ण शांत’. सकाळी त्याची बायको त्याची मनगटं पदराने चोळत बसली होती. तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा आजचा कायदा नव्हता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, आणि त्याचं कलम ९७ मी तुम्हाला पाठ करायला सांगेन. रुग्णाला किंवा दुसऱ्याला तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि ती टाळायला दुसरा मार्गच नसेल, तरच बांधायचं. प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाची मंजुरी हवी. गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नको. कसं बांधलं, का बांधलं, किती वेळ बांधलं, याची नोंद हवी आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायला हवं. शिक्षा म्हणून बांधता येत नाही. कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणावरूनही बांधता येत नाही. हे शेवटचं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. साखळी तर कुठल्याही परिस्थितीत नाही, ते कलम ९५. तमिळनाडूत एरवाडीच्या एका मनोरुग्णगृहाला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं जागची हलू शकली नव्हती.

विषबाधेच्या उपचारात आलेल्या भ्रमाला कलम ९७ जसंच्या तसं लागू होतं का, यावर वकील वाद घालतील. परिचारिकेने त्या वादाच्या निकालाची वाट पाहू नये. माणूस निवला की पट्टी सोडावी. माणसं कमी असतील तर ते मेट्रनला लेखी कळवावं, पुन्हा पुन्हा कळवावं.

कागदाची दुसरी परीक्षा सकाळी असते. नातेवाईक कानाशी येऊन म्हणतात, ‘सिस्टर, चुकून पिलं असं लिहा, नाहीतर पोलीस त्याला आत टाकतील.’ त्यांची भीती जुनी आहे, आणि ती खरीही होती. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ होतंच. आता २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, उलट सिद्ध झाल्याशिवाय त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुनं ३०९ उरलंही नाही. एमएलसीची, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची, खबर पोलिसांना जाईलच, ती जाऊ द्या. खोटं लिहू नका. पण त्याच्या बायकोला बाजूला बसवून सांगा की बाई, याला तुरुंग नाही, याला आधार हवा आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्याकडच्या कागदावर तुमच्या हाताने लिहून द्या.

पुसद लहान आहे. वॉर्डात आलेल्या माणसाचा मामा तुमच्या शेजारी राहतो, आणि बाजारात भाजी घेताना तुम्हाला कुणीतरी विचारणारच, ‘काल कोण आलं होतं?’ गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे. मोबाइलवरचा एक फोटोही तो मोडतो.

संमतीचंही तसंच. तांड्यावरची आजी गोरमाटी बोलते, कोलाम पोडावरचा माणूस कोलामी. मराठी फॉर्मवर त्यांचा अंगठा घेतला म्हणजे त्यांना कळलं असं होत नाही. तुमच्यात बंजारा घरांतली मुलं-मुली आहेत. ही भाषा डॉक्टरांकडे नसेल, तुमच्याकडे आहे. ती वॉर्डात बोलायला लाजू नका. आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हेसुद्धा प्रौढ रुग्ण स्वतः ठरवू शकतो, साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने. एखादीला नवऱ्याऐवजी बहिणीचं नाव द्यायचं असेल. तिला हे तुम्ही सांगितलं नाही तर बहुधा कुणीच सांगणार नाही.

आणि कधी हात बांधावेच लागले, तर बांधल्याची वेळ लिहा. सोडल्याची वेळही लिहा. मी लिहिली नव्हती. ते रिपोर्टबुक कुठल्या कपाटात जपून ठेवलं असेल, तर त्या रात्रीच्या पानावर आजही माझ्या अक्षरात ‘रुग्ण शांत’ एवढंच असेल.