पियानोच्या पट्टींतील जीर्ण बनात



वाद्य बिघडलें म्हणजे दोष तारेंत किंवा स्वरांत असावा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. जुन्या पियानोपुढें बसलें असतां पुष्कळदां निराळाच अनुभव येतो. तारा सुरांत असतात. तरीहि बोट ठेवतांच पट्टी आडवी डुलते, शेजारणीस घासते आणि स्वराबरोबर लांकडाचा खडखडाट ऐकूं येतो. या तक्रारीचें मूळ पट्टीच्या पोटांत दडलेल्या लोकरी कापडांत असतें. तें जीर्ण कापड काढावें कसें, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम त्याची जागा पाहूं. पियानोस बहुधा ८८ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी लांकडाची असून तराजूच्या दांडीप्रमाणें मधोमध तोललेली असते. तोलाच्या जागीं एक व बोटाखालीं एक अशा धातूच्या दोन खुंट्या चौकटींत उभ्या असतात, आणि पट्टींतील दोन खोबणी त्यांवर बसतात. धातू लांकडावर आपटूं नये म्हणून प्रत्येक खोबणीच्या दोन्ही बाजूंस बनातीचे, बहुधा तांबड्या बनातीचे, तुकडे चिकटविलेले असतात. एका पट्टीस चार, म्हणजे साऱ्या वाद्यास ३५२ तुकडे झाले.

ही बनात रोजच्या वादनानें झिजते, किंवा कसर तिला खाते. मुंबईसारख्या ठिकाणीं पावसाळ्यांत लोकर व लांकूड दोन्ही फुगतात, आणि पट्टी डुलण्याऐवजीं अडकते. तो रोग निराळा. अशी पट्टी हवा कोरडी झाल्यावर पुष्कळदां आपोआप मोकळी होते. तेवढ्यासाठीं बनात उपटण्याची घाई करूं नये.

डुलणाऱ्या पट्टीवर एक झटपट उपाय प्रचारांत आहे. पुढची खुंटी गोल नसून लांबट असते. ती किंचित् फिरविली कीं पट्टीचें डुलणें थांबतें. परंतु फिरलेल्या खुंटीची कड बनातीस कापीत राहते, आणि थोड्याच काळांत दोष पूर्वीपेक्षां वाढतो.

दुसरी घाई चाकूची. चाकूनें खरवडल्यास कापडाबरोबर लांकडाचा पापुद्राहि निघतो. बनात नवी मिळते, खोबणीची भिंत मिळत नाहीं. ती एकदां रुंद झाली, कीं नवें कापड कितीहि नीट लावलें तरी पट्टी सरळ चालत नाहीं.

मग करावें काय? जुन्या वाद्यांत ही बनात जनावरांच्या कातड्याच्या किंवा हाडांच्या सरसानें लावलेली असते, आणि असा सरस ओलावा व ऊब यांस वश होतो. पट्ट्या बाहेर काढण्यापूर्वीं त्यांवर क्रमांक आहेत कीं नाहींत तें पाहावें, नसल्यास घालावेत. नंतर बनातीवर कुंचल्यानें थेंबभर पाणी लावून तें मुरूं द्यावें. खोबणींत सैल बसेल असा पितळेचा तुकडा तापवून कांहीं क्षण आंत धरावा. वाफेनें सरस मऊ होतो, आणि चिमट्यानें एका टोंकास धरून ओढलें असतां कापड बहुधा सबंध सुटून येतें. उरलेला सरस ओलसर फडक्यानें पुसावा.

येथें हात आंखडता ठेवला पाहिजे. पाणी जास्त झालें तर लांकूड फुगतें. शिवाय पुढच्या खोबणीच्या थेट वर, जुन्या पियानोंत, हस्तिदंताचें पातळ पान त्याच जातीच्या सरसानें चिकटविलेलें असतें. वाफ फार झाली तर तेंहि सुटतें. १९८९ सालच्या निर्णयानें हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी झाल्यामुळें मोडलेलें पान भरून काढणें कठीण आहे. कांहीं वाद्यांवर हस्तिदंताऐवजीं सेल्युलॉइड असतें. तें चटकन् पेट घेतें, म्हणून तापलें हत्यार त्यापासून दूर ठेवावें.

कोणी मागाहून कृत्रिम गोंद वापरला असेल तर ही युक्ति तितकीशी चालत नाहीं. म्हणून आधीं एकाच पट्टीवर प्रयोग करून पाहावा. बनात निघाल्यावर पट्ट्या रात्रभर तरी सुकूं द्याव्या, मगच नवें कापड लावावें.

तें लावतांनाहि सरसच वापरावा, आणि तोहि मोजका. आपण लावलेली बनातहि केव्हांतरी झिजणारच. त्या वेळीं जो कारागीर ती काढावयास बसेल, त्याला ती थेंबभर पाण्यानें व थोड्या उबेनें सुटलेली मिळावी, आणि तिच्याखालीं खोबण शाबूत असावी, इतकी काळजी आपल्या हातीं आहे.