'हा मेसेज डिलीट केला आहे'

(प्रभागसंघाच्या सभेत केलेले भाषण)



आज हप्ता, व्याज, व्यवसाय आराखडा यातलं काहीच बोलणार नाही. बोलायचंय ते मोबाईलवर. खरं तर मोबाईलवर आपण जे लिहीत नाही, त्यावर.

आपल्या ग्रामसंघांचे व्हॉट्सॲप ग्रुप मी रोज बघते. सकाळी फुलांचे फोटो, मग वाढदिवसाचे केक, मग बैठकीचा निरोप. आणि मध्येच एक ओळ दिसते, 'हा मेसेज डिलीट केला आहे'. एका ताईंना मी विचारलं, काय होतं हो त्यात? रेशनचं धान्य कमी मिळतंय असं त्यांनी लिहिलं होतं. लिहून झाल्यावर आठवलं की दुकानदाराची सून याच ग्रुपवर आहे. घरातूनही आवाज आला, "तुलाच काय पडलंय? बाकीच्या गप्प आहेत ना?" झालं, मेसेज गेला. पण तेवढ्यात ज्यांनी तो वाचला, त्यांच्यातल्या तिघींनी त्यांना फोन करून सांगितलं, "आमच्याकडं पण तसंच आहे." ग्रुपवर मात्र चौघी गप्पच.

बंदी कुणी घातली होती? कुणीच नाही.

भीती उगाच नाही, हे मला मान्य आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीने लाईक केलं. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. नुसता अंगठा दाबला म्हणून अटक! अशी गोष्ट गावोगाव पोचते आणि पुढं वर्षानुवर्षं बायकांचे हात आखडते.

पण त्या गोष्टीचा पुढचा भाग गावात पोचत नाही. त्या दोघींवरची केस बंद झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे जे कलम लावलं होतं, त्यात कुणाला त्रासदायक वाटेल असं पाठवलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद होती. श्रेया सिंघल ही विशीतली मुलगी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ते कलमच रद्द केलं.

दुसरी भीती ॲडमिनची. "कुणी काही टाकलं तर मला आत टाकतील," असं आपल्या सचिव ताई म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय, की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, आधीपासून दोघांचं संगनमत नसेल तर, ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. पण ते प्रकरण एका बाईला ग्रुपवर घाणेरडं बोलण्याचं होतं, हेही लक्षात ठेवा. कोर्टाने ॲडमिनला सोडलं म्हणून आपण असल्या माणसाला ग्रुपवर ठेवायचं, असं नाही. लगेच काढायचं.

आता सगळंच लिहा असं मी म्हणत नाही. कुणाच्या घरातलं भांडण, कुणाच्या लेकीचं लग्न मोडलं, हे न लिहिणं म्हणजे शहाणपण. जातीधर्मावरून भडकवणारा फॉरवर्ड पुढं ढकलला तर आजही गुन्हा होतो. बदनामीचा कायदाही आहे. म्हणून 'दुकानदार चोर आहे' असं लिहू नका. 'अमुक तारखेला पावतीवर इतके किलो, हातात इतके किलो' असं लिहा, पावतीचा फोटो जोडा. जे आपण स्वतः बघितलं, मोजलं, तेवढंच.

आणि एकटीने तर लिहूच नका. एकटीचा मेसेज नवरा पुसायला लावतो, सासू लावते, दुकानदाराची सून लावते. बैठकीत विषय घ्या, इतिवृत्तात ठराव लिहा, सह्या-अंगठे घ्या आणि त्याच पानाचा फोटो ग्रुपवर टाका. रेशनची तक्रार १९६७ या नंबरवरही करता येते, तो इतिवृत्ताच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीला मी येणार आहे. कुणी काय डिलीट केलं ते विचारणार नाही. फक्त रेशनच्या पावत्या घेऊन या, आणि गटाचा वजनकाटा.